सोयराचे अकरा दिवस

सावित्रीचा दिवस पहाटे चार वीसला सुरू होई. चारला नाही, साडेचारला नाही. चार वीसला चूल पेटली की साडेपाचपर्यंत भाकऱ्या होत, पावणेसहाला डबा बांधून होई आणि सहाला ती घराला कडी लावी. घर वालावल गावाच्या वरच्या अंगाला. तिथून तिठ्यापर्यंत पंचवीस मिनिटांची चाल, त्यात एक चढ. साडेसहाला काजू कारखान्याचा टेम्पो येई. टेम्पो कुणासाठी थांबत नसे. एकोणीस वर्षांत तो तिच्याशिवाय गेला तो मोजक्या वेळा. एकदा नवरा गेला त्या सकाळी, एकदा लेकीच्या लग्नाला. आणि एकदा एक्केचाळीस दिवस. ही गोष्ट त्या एक्केचाळीस दिवसांची आहे.

काजूचा कारखाना म्हटला की लोकांना पांढरे गर दिसतात. ते शेवटचं काम. सावित्रीचं काम बी फोडायचं. वाफवून निववलेली बी टेबलावर येते. डाव्या हाताने ती पात्यात धरायची, उजव्या हाताने दांडा ओढायचा, पायाने पायडल दाबायचं. पातं टरफलात शिरलं पाहिजे, गरात नाही. टरफल किती जाड आहे ते बी बोटात आल्याबरोबर बोटालाच कळावं लागतं. डोळ्याने बघत बसलं तर संध्याकाळी वजनात काही दिसत नाही. किलोभर गराला सातशे-आठशे बिया लागतात. सावित्री दिवसाला सहा हजार फोडी आणि शंभरातले नव्वद गर अख्खे काढी. तुकडा झाला तर दर उतरतो.

टरफलात काळं तेल असतं. ते कातडी जाळतं. कारखाना हातमोजे देई, पण मोज्यातून जाडी कळत नाही, म्हणून जिच्या हातात काम आहे ती बाई मोजे घालत नाही. एरंडेल चोळायचं, वर राख लावायची, बसायचं. एकोणीस वर्षांत तेलाने सावित्रीच्या बोटांवरच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. रेशनच्या दुकानात मशीनवर तिचा अंगठा उठत नसे. दुकानदार चार वेळा दाबून बघे आणि म्हणे, "सावित्रीकाकी, तुमी चोरी केलात तर पोलिसांका गावूच्यात नाय."

"चोरी करूक वेळ खंय आसा रे बाबा," ती म्हणे. "चार वीसाक उठतंय मी."

शनिवारची मजुरी ती घरात आणत नसे. म्हणजे आणी, पण एका बिस्किटांच्या डब्यात टाकी आणि त्याला हात लावत नसे. पाच दिवसांच्या मजुरीत तेल, मीठ, वीज, औषध. शनिवार लेकीचा. असे दोन वर्षांचे शनिवार साठले तेव्हा तिचं पहिलं तिकीट झालं.

लेक संचिता, एकुलती एक. तिचा नवरा सर्वेश रेडी गावचा. आखातातल्या एका शहरात एसी दुरुस्त करायच्या कामावर होता. गावात आखातातल्या सगळ्या शहरांना दुबईच म्हणतात. ते शहर दुबई नव्हतं, पण सावित्रीही दुबईच म्हणे. लग्नानंतर वर्षाने संचिता तिकडे गेली आणि दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरचं, हा आपल्याकडचा रिवाज. पण डॉक्टरांनी तिचा प्रवास बंद केला. पोर येऊ शकत नाही तर आईने जायचं. सावित्रीला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. तिने देवळात गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, पोरीक सोडवून, बारसां करून येतंय, तवसर राखण कर." मग कुडाळच्या सिडनीकडे गेली. सिडनी तिकिटं आणि व्हिसे काढून द्यायचा. शाळेतल्या जासिंतमास्तरांचा मुलगा, सरळ माणूस. त्याने तीस दिवसांचा पर्यटक व्हिसा काढून दिला आणि कागदावर तारखेखाली लाल रेघ मारली.

"काकी, ही तारीख. हिच्या आत परत. वाढवायचा झाला तर तिथेच, ह्या तारखेच्या आधी. तुम्हाला स्वतः जावं लागेल, बोटांचे ठसे द्यायला."

"परत येतंयच मी. थंय काय घर बांधूचां आसा?"

डॉक्टरांनी दिलेली तारीख तिच्या मुक्कामाच्या विसाव्या दिवशी येत होती. परतीचं विमान एकोणतिसाव्या. सगळं बसत होतं. पण पोट आपल्या हिशेबाने चालतं. विसावा दिवस गेला, पंचविसावा गेला. अठ्ठाविसाव्या दिवशी पहाटे संचिता बाळंत झाली. मुलगी झाली. तिचं नाव पुढे तन्वी ठेवलं.

दवाखान्याने दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. खोली सातव्या मजल्यावर, दोन माणसांपुरती. सावित्रीने पडदे ओढले, जुन्या लुगड्याची दुपटी काढली, बाळंतिणीच्या अंगाखाली गोधडी घातली आणि दाराशी बसली. परतीचं विमान तिच्याशिवाय गेलं. त्याचं तिला काही वाटलं नाही.

तिसाव्या दिवशी सकाळी सर्वेश गाडीची चावी हातात घेऊन समोर उभा राहिला.

"मामी, आज मुदत संपता. चला, व्हिसा वाढवून हाडूया. दोन तासांचां काम. बोटां टेकवची, फोटो काढूचो आणि परत."

"आणि दोन तास हिका कोण बघीत?"

"शेजारची बाई बसात. मी सांगलंय तिका."

"शेजारची बाई!" सावित्रीने नातीच्या टाळूवर तेल जिरवताना मानही वर केली नाही. "परवा बाळंत झाली पोर. सोयर आसा. सोयरात कचेरीची पायरी चढाची नसता."

"थंयच्या लोकांका सोयर काय तां म्हायत नाय, मामी."

"माका म्हायत आसा मां?"

सर्वेश दोन रात्री झोपला नव्हता. त्याने रेडीला आपल्या आईला फोन लावला आणि सावित्रीच्या कानाला दिला. किशोरी, सावित्रीची विहीण, मोठ्या आवाजाची बाई. तिचा नवरा रेडीच्या बंदरात खनिजाच्या बोटी भरण्याच्या कामावर होता. त्या आवाजात बोलायची घरालाच सवय.

"विहीणबाय, झील सांगता तां आयका. दोन तास जावन येवा. दोन तासांत बाळंतिणीक काय होवचां नाय."

एवढंच ती म्हणाली. पण सावित्रीला ते टोचलं. तिकीट आपल्या शनिवारांचं, जागरण आपलं, आणि रेडीत बसून ही शहाणपण शिकवणार.

"पयलां बाळंतपण माझां," सावित्री म्हणाली. "दुसऱ्याक तुमी येवा आणि तुमका होया तसां करा."

आणि फोन सर्वेशच्या हातात दिला.

संचिता पलंगावरून म्हणाली, "आये, जा गो. मी बरी आसंय."

"तू गप रव. वारो घेव नको तोंडार."

सर्वेशने चावी खुंटीला अडकवली. "नसला तर दंड भरतलों," तो म्हणाला. "किती लोक भरतत."

असं ते झालं. कुणी फसवलं नाही, कुणी कागद लपवला नाही. इमारतीखाली गाडी उभी होती आणि काम दोन तासांचं होतं. आयुष्यभर बाळंतिणीला दहा दिवस एकटी न सोडण्याचा, सोयर घेऊन वेस न ओलांडण्याचा जो नेम तिने पाळला, तो तिने सातव्या मजल्यावरही पाळला.

बारसं एकोणचाळिसाव्या दिवशी झालं. पाळणा भाड्याने आणला. सावित्रीने दोरी धरली, पोरीच्या कानात नाव सांगितलं. पुढचं विमान एक्केचाळिसाव्या दिवशीचं मिळालं. मुदतीवर अकरा दिवस.

विमानतळावर सर्वेशला आत सोडलं नाही. सावित्री एकटीच रांगेत. काचेमागच्या माणसाने पासपोर्ट उलटा सुलटा केला आणि तिला बाजूच्या खोलीत नेलं. तिथे काळ्या पोशाखातली एक बाई होती. तिने दंडाचा आकडा दाखवला. सर्वेशने पाकिटात बरोबर तेवढेच पैसे घालून दिले होते. मग बाईने हिरवा दिवा असलेलं यंत्र पुढे केलं. सावित्रीने बोटं टेकली. यंत्र बोलेना. बाईने ओल्या कागदाने तिची बोटं पुसली, पुन्हा टेकवली, स्वतःच्या हाताने दाबली. उजवा हात, डावा हात, एकेक अंगठा. बाईला वाटलं ही मुद्दाम नीट टेकत नाही. तिचा आवाज चढला. सावित्रीला भाषा येत नव्हती. तिने टरफल फोडायची खूण करून दाखवली. एक हात धरलेला, दुसरा दांडा ओढतोय, पाय खाली दाबतोय. बाई बघत राहिली. मग तिने डोळ्यांचा फोटो काढला आणि तीन कागदांवर सही घेतली. सावित्रीने मराठीत सही केली, आडनावासकट.

घरी येताना तिला हरल्यासारखं वाटत नव्हतं. बारसं करून येते म्हणाली होती, करून आली होती. दंडाची पावती तिने बिस्किटांच्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी देवळात नारळ ठेवला. तिसऱ्या दिवशी चार वीसला उठली.

कारखान्यात शेजारच्या टेबलावर नर्मदा बसे. ती म्हणाली, "काय गो, दुबईक एक म्हयनो म्हणान गेलस आणि दीड म्हयनो रवलस. थंय दुसरो घोव केलस की काय?"

"केलंय. सातव्या माळ्यार रवता. पाणी भरूचां लागणा नाय."

"मगे परत कित्याक इलस?"

"तो जेवण करणा नाय."

सगळ्या बायका हसल्या. टेबलं हलली. मग मुकादम आला आणि पुन्हा दांडे सुरू झाले.

डबा पुन्हा भरू लागला. आता तो तन्वीला बघायला जायचा होता. पोरगी फोनवर वाढत होती. आधी नुसती टाळू दिसे, मग दात, मग ती "आजी" म्हणून फोनच्या काचेला हात लावू लागली. मध्ये सर्वेशच्या कंपनीने पगार कापले, दोघांचं गावी येणं दोनदा पुढे गेलं. सावित्रीने शनिवार मोडला नाही. एकदा ताप होता तेव्हा शनिवार बुडू नये म्हणून ती गुरुवारी घरी राहिली.

साडेतीन वर्षं झाली. मार्चमध्ये संचिताचा फोन आला. दुसऱ्यांदा दिवस होते, पाचवा महिना.

"आये, डॉक्टर उठाक देणा नाय. जुलैपर्यंत हांतरुणारच. ह्यांची ड्युटी बारा तास. तन्वीक पोळी भाजून घालूक कोण नाय गो. तू ये."

"येतंय," सावित्री म्हणाली. त्या दिवशी तिच्या हातून एकही गर तुटला नाही. नर्मदा म्हणाली, शंभरातले शंभर अख्खे.

सिडनीने अर्ज भरला. आठ दिवसांनी त्याचा निरोप आला. तो तोंडावर सांगणारा माणूस, म्हणून त्याने फोनवर सांगितलं नाही, कुडाळला बोलावलं.

"काकी, नाही म्हणालेत."

"कारण?"

"कारण देत नाहीत. मागच्या खेपेला तुम्ही जास्त दिवस राहिला होतात ना?"

"अकरा दिवस. दंड भरला मी. पावती आहे." आज सिडनीच्या टेबलासमोर तीही त्याच्यासारखं पुस्तकी बोलली.

सिडनीने पावती वाचली, पाठीमागची बारीक अक्षरंही वाचली आणि घडी करून तिच्यासमोर ठेवली. "दंड भरला म्हणून तुम्हाला बाहेर सोडलं. पुन्हा आत घेऊ, असं ह्यात कुठे नाही."

"किती वर्षं घेणार नाहीत?"

"ते कळत नाही. कुणाला वर्षाने मिळतो, कुणाला पाच वर्षांनी. कुणाला मिळतच नाही. आपण पुन्हा भरून बघू. पण मिळेलच, असं मी सांगत नाही."

कागद जमवण्यात एप्रिल गेला, मग पुन्हा भरला. सोबत संचिताच्या डॉक्टरांचं पत्र जोडलं, सर्वेशने विनंतीचा अर्ज लिहिला, अकरा दिवस का राहिली त्याचं कारण दिलं. त्या कारणाला इंग्रजीत शब्द काय लावायचा यावर सिडनी बराच वेळ थांबला. शेवटी त्याने 'धार्मिक कारण' लिहिलं. सहा दिवसांनी पुन्हा नकार आला.

रेशनचा दुकानदार म्हणायचा, तुम्ही पोलिसांना सापडणार नाही. बोटांनी खरंच कुठे खूण ठेवली नव्हती. अकरा दिवसांनी ठेवली होती.

त्या रविवारी तिने लेकीला सांगितलं. संचिता रडली नाही. तेच सावित्रीला जड गेलं.

"तेवा मी तुका सांगलंय, जा म्हणान," संचिता म्हणाली.

"सांगलंस."

"मी बरी आसंय म्हणान सांगलंय."

"सांगलंस गो बाय."

पलीकडे तन्वी विचारत होती, आजी कधी येणार, बॅगेत काय आणणार. संचिताने फोन बंद केला.

सावित्रीने पाच दिवस काम केलं. त्या पाच दिवसांत तिचे तुकडे जास्त पडले. मुकादमाने वजन करताना तिच्याकडे बघितलं. शनिवारी चार वीसला ती उठली, भाकरी केली, आणि टेम्पोच्या तिठ्यावर न थांबता कुडाळच्या गाडीत बसली. कुडाळहून वेंगुर्ला, वेंगुर्ल्याहून शिरोडा, तिथून रेडी. तीनदा गाडी बदलली. पिशवीत बिस्किटांचा डबा. दुबईहून परतल्यापासून तिने मोडलेला तो पहिला शनिवार.

किशोरी खळ्यात आमसुलं उलटत होती. मे लागला होता. हात कोपरापर्यंत लाल. सावित्रीला बघून ती उठली नाही, गुडघ्यावर हात ठेवून फक्त मान वर केली.

"इलात? बसा. तीन गाडये बदलून इलात, म्हणजे कायतरी मोठां आसा."

"तुमी जावक होयां. संचिताकडे."

"मी?" किशोरी हसली. "माझ्यान घराच्ये चार पायरे चढवणत नाय. इमानात खंय चढू?"

"इमानाक पायरे नाय. दारातून दारात जातत."

"आणि गोरवांक चारो? आणि ह्यांका जेवण?" पडवीत तिचा नवरा खुर्चीवर होता. त्याने मध्ये तोंड घातलं, "माका काय भात शिजवक येणा नाय?" "तुमी गप रवा," किशोरी म्हणाली आणि पुन्हा सावित्रीकडे वळली. "पयल्याक माका इचारलात नाय. फोनार काय सांगलात, आठावता?"

"आठावता."

"सांगा तर."

सावित्री खळ्याच्या कडेला उभीच होती. उन्हात.

"पयलां बाळंतपण माझां. दुसऱ्याक तुमी येवा."

"आणि?"

"आणि तुमका होया तसां करा."

किशोरीने चार आमसुलं उलटली. पाचवं हातातच राहिलं. "दोन तास. दोन तास गेल्यात असत्यात तर आज तुमीच जातल्यात."

"व्हय," सावित्री म्हणाली.

तिने सोयर सांगितलं नाही, जागरण सांगितलं नाही, गाऱ्हाणंही सांगितलं नाही. किशोरी वाट बघत होती, बोलायला पुढे काहीतरी मिळेल म्हणून. काही मिळालं नाही. मग ती उठली, गुडघा धरून, आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"माझ्या गुडघ्यांक तेल लावतलां कोण थंय?"

"तन्वी लावीत. चौथां वर्ष चालू आसा तिका."

डबा सावित्रीने पायरीवर ठेवला. किशोरीने झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं. "सर्वेश काढता तिकीट. ह्यां कित्याक?"

"सर्वेशान दवाखानो बघूचो. तिकीट माझां. हे शनवार दुसऱ्या कशाक वापरूचे नाय."

डब्याकडे बघता बघता किशोरीचं लक्ष सावित्रीच्या हाताकडे गेलं. तिने तो हात पालथा केला, पुन्हा उताणा केला. बोटांची टोकं गुळगुळीत, ओढ्यातल्या दगडासारखी. मग किशोरीने हात सोडला आणि म्हणाली, "काय काय करूचां तां सांगा. माका एकच झील. चेडवाचां बाळंतपण मी कधी काढूक नाय."

सावित्री पायरीवर बसली आणि सांगू लागली. आहळीव कधी, डिंक कधी, ओवा किती भाजायचा. संचिताचे तळवे दुखतात, पोटऱ्या नाही. ते अंगठ्याने दाबायचे नाहीत, मुठीने. तिला दूध नको म्हटलं तरी द्यायचं, पण तिच्यासमोर उभं राहून नाही, ठेवून निघून जायचं, मग पिते. किशोरी ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आणि तन्वीक काय आवडता?"

सावित्री थांबली. तेरा दिवस तिने ती पोर मांडीवर घेतली होती. त्यानंतर फोन.

"तां तुमीच बघा," ती म्हणाली. "आणि माका सांगा."

किशोरीचा पासपोर्ट जुना होता, एकदा सर्वेशकडे जायचं म्हणून काढलेला, कधी न वापरलेला. व्हिसा चार दिवसांत आला. तिकडच्या विमानतळावर उतरून तिने फोन केला तो सावित्रीच्या कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत. "विहीणबाय, धाच्या धा बोटां एका झटक्यात उठली! त्या यंत्रान कायएक त्रास दिलो नाय." मोठा आवाज, सगळ्या बायकांनी ऐकला. सावित्री म्हणाली, "बरां झालां." नर्मदाने आपल्या डब्यातला बांगड्याचा तुकडा तिच्या भाकरीवर ठेवला.

जून लागला. किशोरीच्या मुक्कामाच्या सव्विसाव्या दिवशी संचिताला मुलगा झाला. महिना आधी, पण तब्येतीने बरा. सावित्रीने फोनवर त्याला बघितलं. दुपट्यात गुंडाळलेला, डोळे मिटलेले. दुपटं तिच्याच लुगड्याचं होतं, किशोरीच्या बॅगेतून गेलेलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी संध्याकाळी किशोरीचा फोन आला. या वेळी आवाज बारीक होता. मागे बाळ रडत होतं.

"विहीणबाय, परवा मुदत संपता. सर्वेश म्हणता, उद्या कचेरीत जावन बोटां देवची. पण सोयर आसा. बाळंतिणीक सोडून कशी जाव? माका काय सुधरणा नाय. तुमी सांगा, मी तसां करतंय."

सावित्री टेम्पोतून नुकतीच उतरली होती. बाहेर पाऊस आणि चिखल. तिठ्यावरच्या शेडखाली ती उभी राहिली. तिला सातव्या मजल्यावरची ती खोली दिसली. ओढलेले पडदे, आणि दारात चावी घेऊन उभा असलेला जावई. ती म्हणाली असती, राहा, तर किशोरी राहिली असती. एवढं तिच्या आवाजावरून कळत होतं.

"जावा," सावित्री म्हणाली.

"सोयर?"

"चपला घाला आणि जावा. दोन तासांत बाळंतिणीक काय होवचां नाय."

पलीकडे किशोरीने रडणारं बाळ उचलून घेतलं. मग किशोरी म्हणाली, "बरां."

दुसऱ्या दिवशी सर्वेशने कळवलं. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत एक तास चाळीस मिनिटं. बाळ झोपलेलंच होतं. संचिता झोपलेली होती. शेजारची बाई तन्वीला चित्रं काढून देत बसली होती. मुदत महिनाभर वाढली. आता बारसं होईल, किशोरी पाळण्याची दोरी धरील आणि नाव कानात सांगील.

"फी किती पडली?" सावित्रीने विचारलं.

"मामी, ती मी भरलंय."

"किती, तां सांग."

त्याने आकडा सांगितला. शनिवारी संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर ती टेम्पोतून तिठ्यावर उतरली नाही, तशीच कुडाळला गेली. डबा तिने सकाळीच पिशवीत घेतला होता. त्यात उरलेले नऊ शनिवार होते. फीला सात लागले. सिडनीने ते सर्वेशच्या खात्यावर पाठवले आणि विचारलं, "काकी, कागद छापून देऊ?"

"दे."

किशोरीच्या नावाचा कागद होता. खाली तारीख वाढवल्याची, बाजूला शिक्का. सिडनीने सवयीने नव्या तारखेखाली लाल रेघ मारली. सावित्रीने घरी येऊन तो बिस्किटांच्या डब्यात ठेवला, अकरा दिवसांच्या दंडाच्या पावतीवर. तिच्या मजुरीतून शेवटी एवढं आलं. एक तिकीट आणि एक तास चाळीस मिनिटांचा तो कागद, दोन्ही दुसरीच्या नावावर.